कुत्र्या-मांजराला उलटी झाली? पुसायच्या आधी नीट बघा

उलटी दिसली की आपण पहिलं फडकं शोधायला धावतो. तसं करू नका, आधी मोबाईलवर फोटो काढा, कारण रंग कसा होता, अन्न पचलेलं होतं का, हे डॉक्टर विचारतातच आणि ऐनवेळी आपल्याला धड आठवत नाही.

पोट आतबाहेर ओढत, लाळ गाळत, उबळ येऊन पडते ती खरी उलटी. जोर न लावता न पचलेलं अन्न नुसतंच घरंगळून बाहेर आलं तर गडबड बहुतेक अन्ननलिकेत असते. मांजर जमिनीलगत बसून मान ताणून खोकतं तेही उलटीसारखंच दिसतं, त्यामुळे जमलं तर व्हिडिओच काढा.

पूर्ण वाढ झालेला कुत्रा आहे, एरवी ठणठणीत, एकदाच ओकलाय आणि परत खेळतोय, तर सहा-आठ तास खायला देऊ नका, पाणी मात्र थोडं थोडं देत राहा, भांडंभर ठेवलं तर घटाघटा पितो आणि पुन्हा ओकतो. मग उकडलेलं चिकन आणि मऊ भात, मीठ-तेल काही न घालता, दोन-तीन चमचेच. पिल्लांना आणि मांजरांना असं उपाशी ठेवायचं नाही, पिल्लांची साखर पटकन उतरते, आणि मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर लिव्हर बिघडू शकतं.

हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. हिरडी कोरडी, चिकट लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय.

रक्त पडलं, कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही आलं, पाणीसुद्धा टिकत नाहीये, लस न झालेलं पिल्लू ओकतंय, तर वाट बघू नका. पोट फुगलंय, उबळ येतेय पण बाहेर काहीच पडत नाही, अशा कुत्र्याला त्याच मिनिटाला उचला, जठराला पीळ पडला असेल तर काही तासांत जीव जातो. चॉकलेट, द्राक्षं, कांदा, झायलिटॉलवालं (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) च्युइंगम, मांजराच्या बाबतीत लिलीचं फूल, पान, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा, यातलं काही पोटात गेल्याचा संशय असेल तरी तेच करा.

आणि प्लीज, आपल्या डब्यातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायलाही जाऊ नका.

आमच्या मांजरीच्या जिभेखाली शिवणाचा दोरा अडकलेला दिसला तेव्हा मी ओढणारच होते, डॉक्टरांनी फोनवरच थांबवलं. दुसरं टोक आतड्यात असेल तर ओढताना आतडं चिरतं. दोरा दिसला तर कापूही नका, आहे तसंच घेऊन जा.