फायबर केबलवरून भूकंपाची आगाऊ सूचना कशी मिळवायची

नवीन केबल टाकायची काही गरज नाही, टेलिकॉमवाल्यांकडे वापरात नसलेली डार्क फायबर पडून असते तीच मागा. एका टोकाला इंटरॉगेटर (केबलमधून परत येणारा प्रकाश मोजणारं यंत्र) लावायचा, तो लेझर पल्स सोडतो, काचेतल्या बारीक दोषांवरून थोडा प्रकाश परत येतो आणि केबल ताणली गेली की त्याची फेज, म्हणजे प्रकाशलहरीची स्थिती, बदलते, म्हणजे दर काही मीटरला एक सेन्सरच झाला की. कॅलिफोर्नियात माँटेरे बेमध्ये २०१८ला समुद्राखालच्या केबलचे २० किमी असेच वापरले होते.

खरं किचकट काम पुढेच, कुठला चॅनेल, म्हणजे केबलवरचा असा एकेक सेन्सर, जमिनीवर नक्की कुठे आहे ते शोधणं. नकाशावर विसंबू नका, मॅनहोलमध्ये जादा केबलची वेटोळी असतात त्यामुळे अंतर चुकतं. रस्त्यावर ठरलेल्या जागी हातोडा मारा, जीपीएसची वेळ लिहा, मग डेटात बघा ठोका कुठे दिसतोय.

भूकंपाची पहिली, सौम्य लहर म्हणजे पी-वेव्ह साधारण ६ किमी/सेकंदने येते, जोरात हादरवणारी एस-वेव्ह ३.५ने मागून, मधला वेळ तेवढाच हातात. ट्रक गेला तरी सिग्नल दिसतो पण तो हळू सरकतो, म्हणून शेकडो चॅनेलवर झरझर पसरला तरच अलार्म द्या. आणि मोठा भूकंप जवळच झाला तर सिग्नल क्लिप होऊ शकतो, म्हणजे मोजायच्या मर्यादेबाहेर जाऊन कापला जातो, तेव्हा जोडीला साधे सिस्मोमीटर (भूकंपमापक) ठेवाच.