हनुवटीच्या ऑपरेशननंतर खाच किंवा उंचवटा लागतोय? या चुका टाळा

हनुवटीचं हाड कापून पुढे सरकवलेला एक पोरगा चौथ्या आठवड्यात दाखवायला आला. टाके तोंडाच्या आत, अन् फोड बाहेर कातडीवर! विचारलं तर म्हणाला, "मायनं गरम कपड्यानं रोज शेकून देल्लं. मले कायी समजलंच नाही." समजणार कसं? खालच्या ओठाची आणि हनुवटीची नस या ऑपरेशनमध्ये ताणली जाते. काही आठवडे, कधी काही महिने तो भाग बधिर राहतो. म्हणून गाठ विरावी यासाठी शेकू नका, तेल लावून चोळू नका.

सुरुवातीची ती गाठ बहुतेकदा सूजच असते. बरीचशी ६ आठवड्यांत ओसरते, उरलेली जायला ६ महिने ते वर्ष लागतं. दोन्ही बाजू एकदम उतरत नाहीत, त्यामुळे हनुवटी वाकडी वाटते. लग्न ठरलं म्हणून दुसऱ्याच महिन्यात "पुन्हा उघडा" असा हट्ट धरू नका. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, ओठ सैल सोडून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा.

ताप, पू, वाढती लाली, टाके उघडून दिसणारा, हाड धरून ठेवणारा स्क्रू किंवा अचानक सरकलेला इम्प्लांट (हाड न कापता हनुवटीत बसवलेला कृत्रिम तुकडा) असेल तर मात्र त्याच दिवशी निघा.

खर्रा आणि तंबाखू पूर्ण बंद. तंबाखूची चिमूट खालच्या ओठामागे धरतात, आणि टाके नेमके तिथेच असतात! निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम उघडते, हाड उशिरा जुळतं. "एकच पुडी" म्हणणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते.

वर्षभरानंतरही जबड्याच्या खालच्या कडेला बोट फिरवताना पायरी लागत असेल, तर ती हाड कापलेल्या रेषेच्या टोकाची खाच असू शकते. पुढे आलेली कड तोंडातूनच घासता येते. खाच पोटाच्या चरबीने भरतात. त्यातली थोडी विरते, कधी दुसऱ्यांदा भरावी लागते. हनुवटीचं मांस खाली लोंबत असेल तर भरून उपयोग नाही, स्नायू पुन्हा वर बांधावा लागतो. फिलर, म्हणजे सुईने भरायचं जेल, पार्लरमध्ये कधीच घेऊ नका. ते रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते.

नागपूर किंवा वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात दाखवायला निघताना ऑपरेशनआधीचे एक्स-रे, स्कॅन आणि डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या. इम्प्लांट बसवला असेल तर त्याचं स्टिकर फाइलमध्ये आहे का पाहा. नसेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथून आधी मागून घ्या.