रविवारचा स्वयंपाक झाला, उरलेल्या जिन्नसांचे काय? या चुका टाळा

आठवडाभराचा स्वयंपाक रविवारीच उरकून ठेवण्याची पद्धत आता कोल्हापुरातल्या अनेक घरांत रुळली आहे. लक्ष्मीपुरीतून खोबरे, तीळ, रवा आणि कडधान्ये एकदम आणायची, कपिलतीर्थ मंडईतून भाजी आणायची, वाटणे करून ठेवायची आणि शनिवारपर्यंत निवांत राहायचे. पद्धत चांगली आहे. मंगळवार पेठेत मी गेली चौदा वर्षे डबे करून देते, त्यामुळे जिन्नस एकदम आणल्याशिवाय माझेही चालत नाही. पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली आणि नव्याने संसार मांडलेली जोडपी स्वयंपाक जितक्या मन लावून करतात, तितके लक्ष उरलेल्या दोन किलो खोबऱ्याकडे किंवा पातेल्याच्या तळाशी राहिलेल्या वाटणाकडे देत नाहीत. दमल्यामुळे ते सारे ‘उद्या बघू’ म्हणून ओट्यावरच राहते आणि नासाडीला नेमकी त्याच रात्री सुरुवात होते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे कोमट जिन्नसावर झाकण लावणे. रवा भाजला की लगेच डब्यात भरला जातो, तीळ भाजले की बरणीत ओतले जातात. आतली वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब होतात आणि तेच थेंब पुन्हा जिन्नसावर पडतात. बाहेरून डबा कोरडा दिसत असला, तरी आत बुरशीला हवा तेवढा ओलावा तयार झालेला असतो.

हे मी स्वतः चार किलो चटणी फेकून शिकले आहे. त्या वर्षी मे महिन्यात आम्ही ब्याडगी मिरची रंगासाठी आणि संकेश्वरी मिरची तिखटपणासाठी घेतली, कांदा उन्हात वाळवून तळला, खोबरे आणि लसूण घालून वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकावर कुटून आणली. डंकावरून आलेली चटणी हाताला चांगली गरम लागते. त्या संध्याकाळी वळवाचे ढग भरून आले होते. हवेतला दमटपणा चटणीला लागेल या भीतीने मी ती तशीच मोठ्या बरणीत भरली आणि दादरा घट्ट बांधला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बरणी उघडली, तेव्हा झाकणाची आतली बाजू ओलसर होती आणि बरणीच्या गळ्याभोवती पांढुरक्या-हिरव्या बुरशीचे कडे धरले होते. सासूबाई म्हणाल्या, वरची काढून टाक, खालची चांगली आहे. त्यांचा जीव त्या मेहनतीवर होता, हे मला कळत होते. पण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात आणि काही बुरश्यांचे विष शिजवूनही जात नाही. दुसऱ्यांच्या मुलांच्या डब्यात ती चटणी घालण्याची माझी हिंमत झाली नाही.

तेव्हापासून चटणी आणली की मी ती परातींमध्ये पातळ पसरते, वर कोरडा पंचा घालते आणि रात्रभर तशीच ठेवते. सकाळी हाताची पालथी बाजू चटणीत खुपसून पाहते. मधला भाग जराही कोमट लागला, तर भरत नाही. भरताना दाबून भरते, म्हणजे आत हवा कमी राहते. एका मोठ्या बरणीऐवजी चार लहान बरण्या करते आणि वर हिंगाचे खडे ठेवते. भाजलेल्या रव्यालाही हाच नियम. ज्यांना एक रात्र थांबायला वेळ नाही, त्यांनी वर्षाची चटणी करू नये, महिन्याची करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक याच्या अगदी जवळची आहे: मोठे पातेले जसेच्या तसे फ्रिजमध्ये ठेवणे. पांढऱ्या रश्श्यासाठी मटणाचे अळणी पाणी एकदम काढून ठेवणे सोयीचे असते. पण दहा लिटरच्या पातेल्यातले पाणी फ्रिजमध्ये बाहेरून गार होते आणि मधोमध कित्येक तास कोमटच राहते. दाट वाटणाचे तर याहून वाईट, कारण त्याचा थर दुप्पट जाड झाला की मध्यभाग गार व्हायला जवळपास चौपट वेळ लागतो. जिवाणू ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान भराभर वाढतात आणि जाड थराचा मध्य नेमका त्याच टप्प्यात अडकून पडतो. एका घरगुती कार्यक्रमासाठी काजू, खसखस, तीळ आणि ओल्या खोबऱ्याचे वाटण मी आदल्या रात्री शिजवून खोल डब्यात ठेवले होते. सकाळी वरचा थर उत्तम होता. पळी तळापर्यंत घातली, तेव्हा मधल्या भागाला आंबूस वास आला आणि बारीक बुडबुडे दिसले. चाळीस पानांचा रस्सा होता. पहाटे साडेपाचला नारळ फोडायला बसावे लागले.

आता मी वाटण पसरट ताटल्यांत दोन बोटांपेक्षा कमी जाडीचे पसरते आणि अळणी पाण्याचे पातेले आधी गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून ढवळत राहते. वाफ गेली की लहान डब्यांत भरते आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत सर्व फ्रिजमध्ये गेलेले असते. गरम वस्तू ठेवली की फ्रिज बिघडतो, म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवणारे अनेक जण आहेत. लहान, पसरट डब्यातल्या कोमट पदार्थाने फ्रिज बिघडत नाही. रात्रभर बाहेर राहिलेला भात किंवा रस्सा मात्र पुन्हा उकळूनही भरवशाचा होत नाही, कारण काही जिवाणूंचे विष उकळीलाही टिकते.

जुन्या रव्यावर नवा रवा कधीही ओतू नये, तळाशी किडीची एक जाळी असली तरी सगळा डबा जातो.

खोबरे वाट्यांच्या रूपातच ठेवावे आणि लागेल तेवढेच किसावे. किसलेल्या, भाजलेल्या किंवा कुटलेल्या जिन्नसाला हवा अधिक लागते आणि त्यातले तेल लवकर खवट होते. तीळ, खसखस आणि शेंगदाण्याचा कूट यांनाही हेच लागू आहे. शेगडीच्या वरच्या फळीवर हे डबे ठेवण्याची सवय सोडावी, कारण घरातली सर्वांत उष्ण जागा तीच असते.

तेलातली लसूण-पेस्ट बाहेर ठेवण्याबद्दल मी कोणाचीही समजूत काढत बसत नाही, सरळ नाही म्हणते. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि अशा ओलसर, कमी आंबट जागी बोट्युलिझम या विषबाधेचे जीवघेणे विष तयार होऊ शकते, ज्याला वासही नसतो. ती पेस्ट थोडी करून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी, नाहीतर वड्या पाडून गोठवावी.

मिसळीसाठी भिजवलेली मटकी हमखास जास्त होते. मोड आले की ती वाफवून, निथळून, एका वेळेला लागेल एवढ्या पुड्यांत गोठवावी. कच्ची ठेवली तर दोन-तीन दिवसांत चिकट होते. कोथिंबीर धुऊन ओली ठेवू नये. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नयेत.

फ्रीजरबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. कीड मारण्यासाठी रवा-मैदा चार दिवस गोठवण्याचा उपाय चांगला आहे, मात्र डबा बाहेर काढल्यावर तो पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये. उघडल्यास बाहेरचे दव आतल्या गार पिठावर धरते आणि पावसाळ्यात तर दोन दिवसांत गुठळ्या होतात. मटण आणल्याबरोबर एका वेळेचे वाटे करून मगच गोठवावे, म्हणजे दोन किलोचा गोळा ओट्यावर वितळवून उरलेले पुन्हा गोठवण्याची वेळ येत नाही. प्रत्येक डब्यावर मी चिकटपट्टी लावून तारीख लिहिते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात शहराच्या बऱ्याच भागांत वीज गेली होती, तेव्हा काय आधी वापरायचे आणि काय टाकायचे, हे मला त्या पट्ट्यांवरूनच ठरवता आले. गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडल्यास साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला सुमारे २४ तास. म्हणून वीज गेल्यावर आत काय आहे ते पाहण्यासाठी दार उघडू नये, यादी दारावर बाहेरून लावलेली असावी.