वर्कशॉप दीडशे किलोमीटरवर : खान्देशात जर्मन गाडी कशी सांभाळावी

एमएच-१९, एमएच-१८, एमएच-३९ पाटीच्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी आता खान्देशात नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. केळीवाले, जिनिंगवाले, सराफ, डॉक्टर, बिल्डर, सगळ्यांकडे त्या दिसतात. गाडी घेणं सोपं झालंय. अडतं ते डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो त्या दिवशी, कारण अधिकृत वर्कशॉपसाठी बहुतेकांना नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सुरत किंवा इंदूर गाठावं लागतं. धुळ्याहून नाशिक आणि जळगावहून संभाजीनगर साधारण दीडशे-एकशे साठ किलोमीटर. गेला तर अख्खा दिवस जातो, आणि पार्ट शिल्लक नसला तर तोही वाया. इथे गाडी सांभाळण्याची सगळी रीत या अंतरावरून ठरते.

म्हणून ब्रँड निवडण्याआधी वर्कशॉप निवडा. टेस्ट ड्राइव्हच्या दिवशीच सर्विस मॅनेजरला भेटून विचारा : तुमच्या गावातून गाडी नेण्या-आणण्याची सोय आहे का आणि तिचे पैसे कोण देणार, रोडसाइड असिस्टन्सचा फ्लॅटबेड (अख्खी गाडी चढवून नेणारा ट्रक) तुमच्या तालुक्यापर्यंत येतो का, ठरावीक दिवशी जळगाव-धुळ्याला सर्विस कॅम्प होतो का. उत्तरं तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा.

वॉरंटी, सर्विस पॅकेज आणि विमा : तिघांची गल्लत नको

सर्वांत जास्त पैसे या गल्लतीत जातात. वॉरंटी फक्त बनावटीतला किंवा मालातला दोष भरून देते. तिची मुदत ब्रँडप्रमाणे वेगळी असते. सर्विस पॅकेजमध्ये ऑइल, फिल्टर, ब्रेक फ्लुइड हे ठरलेलं काम येतं. वरच्या दर्जाचं पॅकेज असेल तर ब्रेक पॅड, डिस्क, वायपरही येतात. विमा अपघात, पाणी, चोरी, उंदीर यांच्यासाठी. ब्रेक पॅड झिजले म्हणून वॉरंटी मागाल तर नकारच येणार. टायरची वॉरंटी टायर कंपनीची असते, बॅटरीची मुदत बऱ्याचदा वेगळी आणि कमी असते.

वॉरंटी कोणत्या तारखेपासून चालू झाली ते डिलिव्हरीच्या वेळीच कागदावर पाहा. डेमो कार स्वस्तात मिळते खरी, पण तिची मुदत तुमच्या हातात येण्याआधीच चालू झालेली असते.

एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? इथल्या माणसाने घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. एअर सस्पेन्शन, ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा, मॅट्रिक्स हेडलाइट यांतला एक घटक गेला तरी बिल लाखात जातं. मूळ वॉरंटी संपायच्या आत घेतली तर हप्ता कमी पडतो. नंतर गाडीची तपासणी लागते, कधी मिळतही नाही. सही करण्याआधी वगळलेल्या पार्टची यादी, एका क्लेमची कमाल रक्कम आणि गाडी विकल्यावर वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का, हे वाचा.

विम्यात झिरो डेप्रिसिएशनसोबत (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कवच) इंजिन प्रोटेक्ट घ्याच. पावसाळ्यात रेल्वेच्या भुयारी मार्गात पाणी तुंबतं. या गाड्यांचं हवा आत घेणारं तोंड बऱ्याचदा खाली, ग्रिलच्या मागेच असतं. इंजिनात पाणी शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान वॉरंटीत येत नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. एका स्टार्टने क्लेम अडचणीत येतो. थेट फ्लॅटबेडवर चढवून न्या.

जॉब कार्ड नीट लिहून घ्या

निघण्याच्या आठ दिवस आधी वर्कशॉपला गाडीचा चासी नंबर आणि तक्रार ईमेलने पाठवा, दिव्याचा फोटो आणि आवाजाचा व्हिडिओ जोडा. चासी नंबरवरून पार्टचा नेमका नंबर निघतो आणि पार्ट आधी मागवता येतो. दुसरी खेप वाचवायचा खात्रीचा उपाय हाच.

बिघाड येतो-जातो प्रकारचा असेल तर चार गोष्टी टिपून ठेवा : तारीख, किलोमीटर, बाहेरचं तापमान, आणि त्या वेळी गाडी काय करत होती (थंड इंजिन, चढ, एसी चालू, वेग किती). जवळच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून बिघाडाचे कोड पुसून घेऊ नका. कोडसोबत त्या क्षणाची नोंद कंट्रोल युनिटमध्ये साठलेली असते. ती पुसली की वॉरंटीचा पुरावाच गेला.

जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ असं लिहिलं असेल तर सही करू नका. काम वॉरंटीत, गुडविलमध्ये की पैसे देऊन, हे प्रत्येक ओळीसमोर असलं पाहिजे. गुडविल म्हणजे मुदत संपल्यावरही कंपनीने स्वखुशीने उचललेला वाटा. सर्विसच्या नोंदी अखंड असतील तरच तो मागायला तोंड राहतं.

तरीही दाद मिळाली नाही तर आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी तक्रार द्या, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते. शोरूम नाशिकचं असलं तरी नाशिकला खेटे घालण्याची गरज नाही. तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायला हवं.

ऊन, धूळ आणि कापूस

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५च्या आसपास जातो. अशा उन्हात या गाड्यांचं कूलिंग आधी दमतं. थर्मोस्टॅट हाउसिंग, पाइपचे जोड, एक्स्पान्शन टाकी, हे सगळं प्लास्टिकचं. वर्षानुवर्षं तापून-निवून ते ठिसूळ होतं आणि बारीक चीर जाते. ऑडी-फोक्सवॅगन गटाच्या पेट्रोल इंजिनांत पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅटचं हाउसिंग गळणं हे ओळखीचं दुखणं आहे.

काट्यावर विसंबू नका. ऑडीचा काटा ९०वर स्थिर राहावा अशीच त्याची रचना आहे. खरं तापमान थोडं वर-खाली झालं तरी तो हलत नाही. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत काटाच नसतो. म्हणून महिन्यातून एकदा, सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना टाकीवरच्या मिन-मॅक्स खुणा पाहा. पातळी महिन्यात दोनदा उतरली तर गळती आहे असं समजा. जोडांपाशी गुलाबी, निळसर किंवा पांढरी पापडी दिसते का ते टॉर्चच्या उजेडात बघा.

कमी पडलं म्हणून बोअरचं पाणी ओतणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. आपलं बोअरचं पाणी जड. ज्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतं. कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं मिसळून एक लिटरची बाटली डिकीत ठेवा. डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं. रंग सारखा म्हणून दुसऱ्या ब्रँडचं कूलंट घालू नका. रंग हा खात्रीचा पुरावा नाही, बाटलीवरचा अप्रूव्हल नंबर (गाडी कंपनीच्या मंजुरीचा) पाहायचा. नाइलाजाने साधं पाणी घातलंच तर पुढच्या खेपेला सगळं काढून फ्लश करून घ्या.

दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की तंतू उडतात आणि ग्रिलमधून जाऊन एसीच्या कंडेन्सरवर बसतात. त्यावर काळ्या मातीची धूळ बसली की नमद्यासारखा थर होतो. हायवेवर एसी गार आणि अजिंठा चौफुलीच्या सिग्नलला कोमट, असं झालं की गॅस भरायला धावण्याआधी ग्रिलमधून उजेड टाकून हा थर पाहा. साध्या पाइपच्या मंद धारेने धुवा. प्रेशर वॉशर मारला तर जाळीच्या पाकळ्या वाकतात आणि हवा कायमची अडते. गॅस भरावाच लागला तर प्रकार आणि ग्रॅम बोनेटखालच्या स्टिकरवर असतात; तेवढाच, वजन करून.

केबिन फिल्टर आणि एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीची वाट न पाहता आधी तपासा. शेतरस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर निम्म्या मुदतीतच भरलेला सापडतो.

ऑइल

बहुतेक मॉडेलना ऑइल बदलायची मुदत १५,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते. डिस्प्ले जास्त दिवस दाखवत असला तरी आम्ही १०,००० किमी किंवा १ वर्ष धरायला सांगू. ऊन आणि धूळ दोन्ही इथे जास्त आहेत. ग्रेडपेक्षा अप्रूव्हल महत्त्वाचं. ‘५डब्ल्यू-३०’ लिहिलेली प्रत्येक बाटली चालत नाही. मर्सिडीजला एमबी २२९.५२, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-०४, फोक्सवॅगन गटाला ५०४.००/५०७.०० असं काहीतरी तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल, तेच बाटलीच्या मागे हवं. चार सिलिंडरच्या इंजिनाला साधारण ५ ते ६.५ लिटर ऑइल लागतं.

बऱ्याच बीएमडब्ल्यू आणि ऑडीत डिपस्टिक नसते. गाडी सपाट जागी, इंजिन गरम, मग स्क्रीनवरच्या मेनूतून मोजणी. मिन ते मॅक्समधलं अंतर बहुधा १ लिटरच्या आसपास असतं, म्हणून आधी अर्धा लिटर घाला आणि पुन्हा मोजा. जास्त झालं तर काढावंच लागतं. टॉप-अपच्या बाटलीच्या लेबलचा फोटो आणि बिल जपून ठेवा.

डिझेलवाल्यांसाठी

घर ते दुकान, दुकान ते घर एवढंच चालवाल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरणार. आठवड्यातून एकदा हायवेवर २०-२५ मिनिटं, ताशी ६०च्या वर, २,००० आरपीएमच्या आसपास चालवा. फिल्टर स्वतःला जाळून साफ करत असताना पंखा जोरात फिरतो, जळका वास येतो; तेव्हा गाडी बंद करू नका.

बीएस-६ डिझेल गाड्यांत बहुधा अ‍ॅडब्लू, म्हणजे डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव) लागतं : ३२.५ टक्के युरिया, बाटलीवर आयएसओ २२२४१. शून्य किलोमीटर शिल्लक दाखवल्यावर इंजिन बंद केलं तर ते पुन्हा सुरू होत नाही. हे द्रव उन्हाला टिकत नाही. २५ अंशांत दीड वर्ष चालतं, ३५ अंशांत जेमतेम ६ महिने. मे महिन्यात डिकीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये कॅन ठेवू नका. ताज्या तारखेचा घ्या आणि लगेच भरा. डिझेलच्या टाकीत चुकून ओतलंत तर चावीला हातही लावू नका.

टायर आणि पंक्चर

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणात असतो, आणि तो थंड टायरचा असतो. सकाळी तपासा. दुपारी हायवेवर ४-५ पीएसआय वाढलेले दिसतील, ते सोडू नका.

स्टेपनी नसलेल्या गाडीत बहुधा रन-फ्लॅट टायर असतात. हवा गेल्यावर ताशी ८० च्या आत, ८० किलोमीटरपर्यंत. म्हणजे जळगाव-धुळेही पूर्ण होत नाही. टायर बदलताना बीएमडब्ल्यूला तारा, मर्सिडीजला ‘एमओ’, ऑडीला ‘एओ’ ही खूण बघा. बाजूच्या भिंतीवर फुगा आला किंवा चीर गेली तर दुरुस्ती नाही, टायर बदलायचा.

पंक्चरवाल्याकडे दोन गोष्टी स्वतः उभं राहून करून घ्या. जॅक ठरलेल्या जागीच, मध्ये रबराचा ठोकळा ठेवून. एअर सस्पेन्शन असेल तर आधी मेनूतून जॅक मोड. दुसरं, या गाड्यांना नट नसून बोल्ट असतात. प्रत्येक बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे फिरला पाहिजे, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळायचा. थेट गन लावली की आटे जातात आणि हबच बदलावा लागतो. टॉर्क मॉडेलप्रमाणे १२० ते १५० न्यूटन-मीटरच्या आसपास. नेमका आकडा पुस्तकातून घ्या. लॉक बोल्टचा अडॅप्टर काम झाल्यावर परत मागून घ्या, तो दुकानातच राहतो.

कडुनिंबाखालची गाडी

सावलीसाठी कडुनिंबाखाली गाडी लावणं साहजिक. पण चैत्रात मोहोर गळतो आणि सनरूफच्या कोपऱ्यांतल्या नळ्या बुजवतो. मग पहिल्या पावसाचं पाणी गालिच्याखाली उतरतं, जिथे बऱ्याच गाड्यांची कंट्रोल युनिटं असतात. पावसाळ्याआधी सनरूफ उघडून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत कपभर पाणी हळू सोडा. ते चाकाजवळ किंवा दाराच्या बिजागरीपाशी जमिनीवर पडलं पाहिजे. नाही पडलं तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी अलगद सरकवा. हवेचा प्रेशर मारू नका, आतला जोड निसटतो.

जुनी घेताना

मुंबई-पुण्याहून सहा-सात वर्षांची गाडी निम्म्याहून कमी भावात येते. चासी नंबरवरून अधिकृत वर्कशॉपचा इतिहास काढून घ्या आणि गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं ते पाहा. ‘लाइफटाइम ऑइल’ म्हणून कोणी सांगेल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८०,००० ते १,२०,००० किमीला बदलायला सांगते. फोक्सवॅगन गटाच्या ओल्या क्लचच्या डीएसजीला (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ६०,००० किमी. बॅटरी एजीएम (स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांना लागणारी बंदिस्त बॅटरी) आहे का आणि बदलल्यावर गाडीत तिची नोंद केली का, हेही विचारा. नोंद नसेल तर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने होतं आणि नवी लवकर मरते.

रस्त्यात बंद पडली तर

साखळी-हुकची क्रेन लावू देऊ नका. क्वाट्रो, एक्सड्राइव्ह, ४मॅटिक, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर दोन चाकं उचलून ओढणं म्हणजे गिअरबॉक्सचं नुकसान. चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच बोलवा. ओढायचा हुक डिकीतल्या टूलकिटमध्ये असतो आणि बंपरमधलं चौकोनी झाकण काढून तिथे आवळायचा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, म्हणून घरीच एकदा लावून पाहा. चढवण्याआधी चारही बाजूंचे आणि किलोमीटरचे फोटो घ्या, आणि क्रेनवाल्याच्या पावतीवर गाडीचा नंबर, वेळ आणि ठिकाण लिहून घ्या. असिस्टन्सकडून पैसे परत मिळवताना तीच पावती मागतात.