काढणीच्या तोंडावर उंदीर घराकडे वळण्याआधी

पीक उभे असेपर्यंत उंदरांना खाणे आणि लपण रानातच मिळते. काढणी होऊन रान मोकळे झाले की दोन्ही एकदम तुटते आणि बांधावरची बिळे सोडून ते शेतवस्तीकडे सरकतात. त्यामुळे घर आणि कोठार बंदिस्त करण्याचे काम काढणीच्या आठ-दहा दिवस आधीच उरकावे. उंदीर आत शिरल्यावर फटी बुजवल्या, तर ते आतच कोंडतात.

एवढ्याशा भोकातून काय येणार, असे वाटते आणि तिथेच फसगत होते. लहान घरउंदीर ६ मिलिमीटरच्या, म्हणजे पेन्सिलीएवढ्या फटीतून येतो. दाराचा तळ, पाइप भिंतीतून जातो ती जागा आणि पत्रा भिंतीवर टेकतो तिथली पोकळी आधी तपासा. चिंध्या किंवा फोम कोंबू नका, एका रात्रीत कुरतडला जातो. भोकात तारेच्या जाळीचे तुकडे दाबून वरून सिमेंट-वाळूचा गिलावा करा. दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी ठोका, झरोक्यांना ६ मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी लावा. भिंतीभोवती मीटरभर पट्टा गवत, लाकडे, अडगळ यांपासून मोकळा ठेवा. उघड्यावरून पळायला उंदीर बिचकतो. कडब्याची गंजी घराला लागून रचणे म्हणजे त्याला आयते घर देणे.

धान्य १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा. मापक नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत दोन-तीन चमचे कोरडे मीठ आणि बाटलीचा तिसरा हिस्सा भरेल एवढे धान्य घालून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटले नाही तरी आणखी एक-दोन उन्हे द्या, कारण १५ आणि १२ यांतला फरक ही बाटली दाखवत नाही. उन्हातले गरम धान्य लगेच कोठीत भरू नका. आत वाफ धरते आणि बुरशी येते. पोती जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून अर्धा मीटर दूर रचा. मागून फिरता आले तरच लेंड्या आणि कुरतडलेले कोपरे वेळीच दिसतात.

बांधावरची सगळी बिळे संध्याकाळी मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील, तीच जिवंत. पुढचा उपाय, म्हणजे विषाचे आमिष, तिथेच करा. घरात सापळेच बरे. भिंतीला काटकोनात, आमिषाचे तोंड भिंतीकडे करून लावा. पहिले दोन-तीन दिवस चाप न लावता आमिष ठेवा, कारण नवी वस्तू मोठे उंदीर टाळतात.

झिंक फॉस्फाइड हे उंदीर मारायचे विष राहत्या घरात वापरू नका. त्यावर उतारा नाही, आणि त्याने आजारी पडून वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. ब्रोमाडिओलोन या दुसऱ्या विषाने उंदीर काही दिवसांनी मरतो. तो मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर त्यांनाही बाधा होते. मेलेले उंदीर रोज शोधून खोल पुरा.

कोरड्या लेंड्या झाडूने उडवू नका. हातमोजे घालून एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी शिंपडा आणि पाच मिनिटांनी पुसून घ्या. पायाला जखम असेल तर गोठ्यातल्या साचलेल्या पाण्यात अनवाणी जाऊ नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होतो. गव्हाणीतले उरलेले पशुखाद्य रात्री झाकणाच्या पिंपात परत भरा.