जुनी गाडी ऑइल पितेय? इंजिन खोलायला हो म्हणायच्या आधी हे करा

सेकंडहँड गाडी घेतली की दोन-तीन महिन्यांत एक दिवस असा येतोच, डिपस्टिक काढून बघता तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, आणि गॅरेजवाला फडक्याला हात पुसत सांगतो, "साब, रिंग गया है, इंजन खोलना पडेगा." रिंग म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, त्या झिजल्या की ऑइल वर जाऊन जळतं. पण त्या वेळी घाबरून हो म्हणू नका. ऑइल कमी होणं आणि इंजिन जाणं यांच्या मधे कितीतरी बारीकसारीक, स्वस्तातली कारणं असतात, आणि ती सापडायला आधी मोजावं लागतं. मला हे कळलं तेव्हा माझ्या हातात ५५ हजारांचं एस्टिमेट होतं. दहा वर्षं जुनी पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक, साधारण १५०० किमीला एक लिटर ऑइल गायब. भांडुपच्या दुसऱ्या एका मिस्त्रीने टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाची पॅकिंग बदलली, तुंबलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आत साचणारी वाफ बाहेर सोडणारा) बदलला आणि म्हणाला आता दोन महिने चालवून बघा. ऑइल खाणं पूर्ण थांबलं नाही, पण चार हजार किमीला एक लिटरवर आलं. तेवढं मी वरून टाकतो, गाडी छान चालतेय.

तर आधी मोजणं. सकाळी गाडी चालू करायच्या आधी, सपाट जागी. सोसायटीचं पार्किंग उतारावर असेल तर गाडी बाहेर सरळ रस्त्यावर आणून बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग बघा, कारण ऑइल वरून खाली चेंबरमधे, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत यायला वेळ लागतो. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा, दुसऱ्या वेळचं रीडिंग खरं. बऱ्याच छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधे मिळेल. आणि टॉपअप करताना वरच्या खुणेच्या वर अजिबात नको, थोडं थोडं टाका आणि बघा, कारण जास्त झालं की क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) ते घुसळतो, फेस होतो, ब्रीदरमधून (वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून) ऑइल हवा आत घेणाऱ्या इनटेकमधे जाऊन जळतं आणि तुम्हाला वाटतं गाडी ऑइल खातेय. मोबाईलमधे एक नोट ठेवा, तारीख, किलोमीटर, किती मिली टाकलं, बस. ऑइलच्या कॅनच्या बाजूला रेषा असतात त्यावरून कळतं. काही कंपन्या हजार किमीला अर्धा ते एक लिटरसुद्धा चालण्यासारखं मानतात, त्यामुळे नोंद नसताना "खूप पितेय" या शब्दाला काही अर्थच राहत नाही. दोन हजार किमीची नोंद घेऊन गेलात की मिस्त्रीसुद्धा वेगळ्या भाषेत बोलतो.

ऑइल जातंय कुठे? दोनच वाटा आहेत, बाहेर गळतंय किंवा आत जळतंय. गळतीसाठी रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. पावसाळ्यात खालचा सगळा भाग चिखलाने माखलेला असतो, काहीच दिसत नाही, म्हणून आधी खालून धुऊन घ्या, दोन दिवस चालवा आणि मग टॉर्च मारून बघा. ऑइल ओघळून खाली येतं, त्यामुळे जिथे थेंब लटकतोय तिथेच गळतंय असं नसतं, ओलसर पट्टा वर कुठपर्यंत जातोय ते शोधा. टॅपेट कव्हरची पॅकिंग, ऑइल फिल्टरचं रबर, ड्रेन बोल्टचा वॉशर, ऑइल प्रेशर स्विच, हे नेहमीचे लोक, सगळे किरकोळ. चेंबरच्या पॅकिंगला थोडं जास्त काम. आपल्याकडचे स्पीडब्रेकर आणि खड्डे बघता चेंबरला खालून पोचा आलाय का तेही बघायला सांगा, पोचा खोल असेल तर आतली ऑइल ओढायची जाळी दबते आणि लेव्हल बरोबर असूनही प्रेशर मिळत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून थेंब पडत असेल तर मागचं क्रँक ऑइल सील, सील स्वस्त पण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी महाग, म्हणून थेंब थेंबच असेल तर क्लच प्लेटचं काम निघेपर्यंत थांबा आणि दोन्ही एकाच मजुरीत करून घ्या.

पुठ्ठा कोरडा असेल तर मग जळतंय. इथे धूर बघायला मागे एखाद्याला उभं करा. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा एक झोत आणि मग साफ, किंवा घाटात उतारावर गाडी गिअरमधे सोडून आल्यावर परत पाय दिला की झोत, असं असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली जाऊ न देणारं रबर. बऱ्याच इंजिनांत हेड (इंजिनचा वरचा भाग) न उतरवता व्हॉल्व्ह सील बदलता येतात, हे गॅरेजवाल्याला नक्की विचारा, कारण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. चढावर, जोर दिल्यावर सतत निळा धूर येत असेल तर रिंगा, आणि टर्बोची गाडी असेल तर टर्बोवरही संशय. पांढऱ्या धुराचं म्हणाल तर थंडीत वाफ दिसते, पण मुंबईत थंडी अशी नसतेच, त्यामुळे गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय का ते बघायचं. सीएनजीवर सायलेन्सरमधून सकाळी थोडं पाणी टपकतं ते मात्र नॉर्मल आहे.

मग ती बॅक मारण्याची टेस्ट, जिच्यावर अर्धी मुंबई इंजिन खोलून बसते. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढतात, धूर फकफक बाहेर आला की म्हणतात बघा, बॅक मारतंय, रिंगा गेल्या. पण पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरचा पाइप तुंबला असेल तरी अगदी असंच दिसतं. म्हणून आधी ते साफ करा किंवा बदला, आणि मग कॉम्प्रेशन टेस्ट मागा. पेट्रोल गाडीत प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला गेज लावतात आणि आकडे लिहून घेतात. एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजतात, आकडा चांगला वर गेला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेडखालची पॅकिंग). ही टेस्ट न करता जो इंजिन खोलायचं म्हणतो त्याच्याकडे गाडी सोडू नका, माझं यावर ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र मोजत बसायची नाही, डॅशबोर्डवरची लाल तेलाच्या कुपीची लाइट. ती लेव्हलची नसते, प्रेशरची असते, म्हणजे ती पेटते तेव्हा बेअरिंगपर्यंत पुरेसं ऑइल पोचत नसण्याचीच भीती जास्त. माझे दाजी कोपरखैरण्याहून दादरला निघाले होते, दोनच दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग झालेलं, ड्रेन बोल्ट नीट आवळलेला नव्हता. मानखुर्दला लाइट लागली, मागून हॉर्नवर हॉर्न, त्यांनी विचार केला चेंबूरला ओळखीचं गॅरेज आहे तिथपर्यंत नेऊ. जेमतेम पाच किलोमीटर. आधी टकटक, मग खडखड, आणि सिग्नलच्या अलीकडे इंजिन जाम. क्रँक आणि बेअरिंग दोन्ही गेलं, आणि पैसे बहिणीच्या एफडीतून काढावे लागले. त्यामुळे लाल लाइट लागली की इंडिकेटर द्या, कडेला घ्या, बंद करा, आणि लेव्हल बरोबर दिसत असली तरी टोइंगच बोलवा. सिग्नलला उभं असताना मिणमिण करते आणि रेस दिल्यावर जाते, असं असेल तरी तेच. नंतर गॅरेजमधे स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून खरं प्रेशर बघायला सांगा, कधी नुसता स्विच खराब निघतो.

झाकणाखाली दुधाळ, चहाच्या सायीसारखा थर दिसला तरी लगेच हेड गॅस्केट गेलं असं नाही. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरत असेल तर आत दमटपणा साचून झाकणावर थोडा थर धरतो, लांब चक्कर मारली की जातो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ, वर कूलंट कमी होतंय, असं दोन्ही असेल तर मात्र काम आहे. गाडी हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारायचाच नाही. पाणी दबत नाही, सिलिंडरमधे गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नसेल तर साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा मिळत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर हे मुंबईला नव्याने सांगायला नको, तरी दर पावसाळ्यात लोक सेल्फ मारतातच.

डिझेलवाल्यांसाठी एक उलटी गोष्ट. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, त्यातली काजळी जाळायला गाडीला सलग वेग लागतो, आणि साकीनाका किंवा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या ट्रॅफिकमधे तो मिळत नाही. अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांत जास्तीचं डिझेल ऑइलमधे उतरतं आणि लेव्हल वाढते. डिपस्टिकवर ऑइल वर चढलेलं दिसलं, डिझेलचा वास आला, तर ऑइल बदला आणि आठवड्यातून एकदा फ्रीवेवर किंवा हायवेवर सलग वीस-पंचवीस मिनिटं चालवा. या गाड्यांना लो-ॲश, म्हणजे जळल्यावर कमी राख ठेवणारं ऑइलच लागतं, स्वस्तातलं नको.

ऑइलचा ग्रेड मॅन्युअल सांगेल तोच. नवीन पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल लागतं, त्यात "जुनी गाडी आहे, जाड टाकू" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतू नका. जुनी गाडी विकणारे काही लोक धूर आणि आवाज दाबायला नेमकं हेच करतात, म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा आधीच सांगून ठेवा की चालू करू नका, मी आल्यावर करू, आणि बॉनेटला हात लावून इंजिन गार आहे ना बघा. काळं ऑइल म्हणजे वाईट आणि सोनेरी म्हणजे चांगलं हेही सगळीकडे लागू नाही, डिझेलमधे नवीन ऑइल काही दिवसांत काळं होतं आणि सीएनजीमधे संपलेलं ऑइलही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. किलोमीटरवरही पूर्ण जाऊ नका, ट्रॅफिकमधे गाडी उभी असते पण इंजिन चालूच असतं, मॅन्युअलमधे कठीण वापराचं वेगळं वेळापत्रक असेल तर मुंबईला तेच लावा. कॅनचं सील स्वतः फोडा आणि रिकामा कॅन भोक पाडून टाका, नाहीतर त्यातच नकली माल भरला जातो. आणि वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गाडीत फ्लश (आतला गाळ धुणारं केमिकल) मारू नका, सुटलेला गाळ जाळीत अडकतो. चांगलं ऑइल टाकून दोन-तीनदा लवकर बदलणं बरं.

एवढं सगळं करून इंजिन खोलायचंच ठरलं तर एस्टिमेट लेखी घ्या, पार्ट वेगळे, मजुरी वेगळी, लेथचं काम वेगळं. बोअर मोजून आकडा दाखवायला सांगा, बोअर घासून लंबगोल झाला असेल तर नुसत्या नवीन रिंगा टाकून काही महिन्यांत परत तिथेच येता, मग बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टनच लागतात. जुने पार्ट परत मागा. गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या वर खर्च जात असेल तर मी तरी विकायचा विचार करीन, आणि दोष सांगून विकेन. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनं इंजिन आणून बसवायचं असेल तर पक्कं बिल आणि इंजिन कुठल्या गाडीचं त्याचे कागद हवेतच, आरटीओत आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवून घ्या आणि इन्शुरन्सला कळवा, नाहीतर उद्या क्लेमही अडकतो आणि गाडी विकताही येत नाही.

इंजिनचं काम होऊन गाडी हातात आली की पहिले हजार किलोमीटर दामटवू नका, घाटात ओव्हरलोड नको, नंतर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात बघा, अगदी बारीक चमक नवीन रिंगांची असू शकते, पण बोटाला टोचेल असा कण दिसला तर गाडी तिथेच ठेवून मिस्त्रीला बोलवा.