गिऱ्हाईक उंबऱ्यावर असताना

महाद्वार रोडवर अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेलं माणूस चपलांसमोर थबकलं की आपली जीभ सुटते. "या ताई, आत या, ओरिजनल कोल्हापुरी, शेवटचा जोड, कमी करून देतो!" आणि ताई पुढच्या दुकानात. मी हे बरीच वर्षं केलं.

आता नुसतं "या" म्हणतो. माणूस चप्पल हातात घेऊन तळ उलटा करून बघेपर्यंत गप्प. मग एकच प्रश्न: "रोज घालायला की कार्यापुरती?" उत्तर ऐकून तीनच जोड काढा. दहा काढले की "फिरून येतो" म्हणतात, आणि फिरून कोण येतंय!

वाईट बाजू आपणच आधी सांगायची. पहिले काही दिवस अंगठ्याला चावेल, पावसात घालू नका, भिजलीच तर उन्हात नाही, सावलीत वाळवा. एवढं ऐकलं की समोरचा चेहरा सैल होतो, खरं तर तिथनंच बोलणं सुरू होतं. २०१९ साली जीआय मानांकन, म्हणजे ठराविक भागातल्या मालाची सरकारी ओळख, मिळालं वगैरे विचारलं तरच. उभ्या माणसाला व्याख्यान नको.

"महाग आहे" म्हटल्यावर झटकन शंभर उतरवलेत तर आधीचा भाव खोटा ठरतो. त्यापेक्षा चामड्याच्या वादीची हातशिलाई बोटानं दाखवा. तरी नकोच म्हणाले तर जोड आवरताना तोंड वाकडं करू नका. त्यांचा नंबर मागू नका, आपलं कार्ड द्या.